रावसाहेबांना सांगून

“आ कर बघू. मोठ्ठा! शाब्बास. आता समोरच्या चित्रातल्या सशाचे दात किती दिसतात ते मनातल्या मनात मोज.”

सात वर्षांची आर्या सशाचे दात मोजायला लागली आणि मी पाठीमागे लपवलेली सुई अलगद पुढे आणली. तेव्हा माझी हीच पद्धत होती. सुई दिसू द्यायची नाही, तोंडाने अखंड बडबड करायची आणि समोरच्याला कळायच्या आत काम उरकून मोकळं व्हायचं. मी एकतीस वर्षांची होते, कराडातला आमचा दातांचा दवाखाना जोरात चालला होता, आणि आपल्याला येत नाही असं जगात फारसं काही उरलेलं नाही अशी माझी पक्की समजूत होती. या गोष्टीला आता सतरा वर्षं झाली.

तेवढ्यात दार ढकलून आमच्या दवाखान्यातल्या मदतनीस हौसाताई आत आल्या.

“ताई, रावसाहेब आडवे झाल्यात.”

आर्याने मान वळवली, सुई पाहिली आणि असा टाहो फोडला की बाहेर बसलेली तिची आजी पदर खोचून आत घुसली.

“काय केलंसा वो पोरीला?”

“अहो, अजून काहीच केलं नाही!” मी म्हणाले. खरं तेच होतं, पण कोण ऐकतंय? मी समजूत घातली, फुगा देऊ केला, शेवटी चॉकलेटसुद्धा कबूल केलं. दातांच्या डॉक्टरने, चॉकलेट! आर्याने ओठ असे घट्ट मिटले की तिथे चिमटासुद्धा शिरला नसता.

मग पलीकडच्या खोलीतून बाबा आले. बाबा म्हणजे डॉक्टर सदानंद गुळवणी. हा दवाखाना त्यांनी छत्तीस वर्षांपूर्वी थाटलेला. मी त्यात सहा वर्षांपूर्वी येऊन बसले होते. पेशंट त्यांना मोठे डॉक्टर म्हणत आणि मला ताई. बाबांनी स्टूल ओढलं आणि ते आर्याच्या गुडघ्याशी बसले.

“केतकी, सुई दाखव तिला.”

“बाबा, आता कुठे ती जरा...”

“दाखव.”

मी दाखवली.

“ही सुई,” बाबा आर्याला म्हणाले. “ही हिरडीत टोचणार. मुंगळा चावल्यासारखं होईल.”

“मुंगी ना?” आर्याने हुंदका देत विचारलं.

“मुंगी म्हटलं तर ते खोटं होईल. मुंगळाच. पण एकदाच. मग गाल बधिर होईल आणि पुढचं काही कळणार नाही. दुसऱ्यांदा चावला तर तू मला चाव.”

तिने सुईकडे पाहिलं, बाबांकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. मी इंजेक्शन दिलं.

“दुखलं का?” बाबांनी विचारलं. हे ते प्रत्येक पेशंटला विचारत.

“हो.”

“किती वेळा?”

“एकदाच.”

“मग ठरल्याप्रमाणे झालं,” असं म्हणून ते उठले आणि रावसाहेबांना बघायला बाहेर गेले. एवढ्या वेळात त्यांचा उजवा हात ॲप्रनच्या खिशातून बाहेर आला नव्हता. मी ते पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्या बाबतीत मी तोवर चांगलीच तरबेज झाले होते.

रावसाहेब म्हणजे माणूस नव्हे, मासा. ऑस्कर जातीचा, वीतभराहून लांब, काळपट अंगावर केशरी पट्टे. अकरा वर्षांपूर्वी बाबांनी त्यांना कोल्हापूरहून पाण्याच्या पिशवीत घालून, एसटीत मांडीवर धरून आणलं, तेव्हा ते अंगठ्याएवढे होते. बाहेरच्या खोलीत बाकासमोर त्यांची काचेची पेटी. ठणकता गाल धरून बसलेली माणसं त्यांच्याकडे बघत बसायची आणि ते माणसांकडे. तहसील कचेरीतला एक पेशंट एकदा म्हणाला, “डॉक्टर, हा आमच्या रावसाहेबांसारखा बघतो. सगळं ऐकून घेतो आणि काही करत नाही.” त्या दिवसापासून ते नाव चिकटलं.

घरात सुकट येऊ देणार नाही असं आईने बजावलं होतं, म्हणून रावसाहेब कायम दवाखान्यातच राहिले. आमच्या सात पिढ्यांत कुणी न शिवलेली ती सुकट बाबा रोज सकाळी दात तपासायच्या चिमट्यात धरून पाण्यावर न्यायचे, आणि रावसाहेब ती अदबीने टिपून घ्यायचे. बाबा दारातून आत आले की ते काचेशी येऊन शेपूट हलवायचे. मी आले तर ढिम्म.

महिनाभरापासून त्यांचं पोट फुगायला लागलं होतं. बाबांनी पाणी बदललं, मीठ घातलं, औषध आणलं. पोट उतरलं नाही. हळूहळू खवले उचकटून उभे राहिले आणि अंग सीताफळासारखं दिसायला लागलं. त्या बुधवारी आर्याची दाढ भरून मी बाहेर आले, तर रावसाहेब पेटीच्या तळाशी कुशीवर पडले होते. कल्ले जोरजोराने उघडत होते, मिटत होते. मधूनच ते सरळ व्हायला धडपडत, अर्धे होत आणि पुन्हा कलंडत. बाबा काचेला कपाळ टेकून उभे होते.

“त्रास होतोय त्याला,” मी म्हणाले.

“माहितीये.”

“काहीतरी करायला हवं बाबा.”

“बघू,” ते म्हणाले आणि आपल्या खोलीत जाऊन बसले.

झालं! हे ‘बघू’ मला ओळखीचं होतं. आमच्या घरात बघू म्हणजे नाही. बाबांना ते बघवतही नाही आणि सोडवतही नाही, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं. म्हणजे उरली कोण? मी. त्या दिवसांत बाबांच्या बाबतीत मी असं बरंच काही परस्पर ठरवत होते.

ते आता सांगूनच टाकते. दोन महिन्यांपूर्वी, ध्यानीमनी नसताना, बाबांचा उजवा हात थरथरायला लागला होता. आधी चहाच्या कपाशी, मग सहीशी. मी म्हटलं, थकवा असेल. मग एक दिवस घोरपडे गुरुजींच्या दाढेचं काम करताना बाबांच्या हातातलं ड्रिल घसरलं आणि गुरुजींचा खालचा ओठ फाटला. टाके मी घातले. तीन. गुरुजी देवमाणूस, ते तशाही तोंडाने हसून म्हणाले, “असू दे, असू दे.” बाबांनी माफी मागितली, हात धुतले आणि बराच वेळ धूतच राहिले. त्यावर आम्ही दोघे एक अक्षरही बोललो नाही. ना त्या दिवशी, ना नंतर.

बोलायला हवं होतं. पण ज्या हाताने मला चिमटा धरायला शिकवलं, त्या हाताला ‘आता पुरे’ कोणत्या तोंडाने म्हणणार? मला ते जमेना. मग मी माझी पद्धत वापरली. दुसऱ्या दिवशी हौसाताईंना बाजूला घेतलं आणि सांगितलं, की बाबांचा पेशंट आला की मोठे डॉक्टर गावाला गेलेत म्हणायचं आणि माझ्याकडे पाठवायचं. हौसाताई आमच्याकडे वीस वर्षं होत्या. त्या दिवशी त्यांनी फरशी जरा जास्तच जोराने पुसली.

तीन आठवडे हे असंच चाललं होतं. बाबा रोज साडेनऊला यायचे, रावसाहेबांना सुकट द्यायचे, ॲप्रन चढवायचे आणि खोलीत पेपर उघडून बसायचे. एकदा जेवताना सहज म्हणाले, “लोक विसरले वाटतं मला.” माझा घास तोंडातच राहिला. आईने त्यांना आमटी वाढली आणि मी पाण्याचा तांब्या आणायला उठले.

तर रावसाहेब. गुरुवारी मी त्यांचं काम हाती घेतलं. मासे विकणाऱ्या दुकानात फोन केला. दुकानदार म्हणाला, “काय नाय मॅडम, फ्रीझरमध्ये ठेवा. गार होऊन जातोय.” मी बर्फाच्या पाण्यात आपला तळहात धरून पाहिला आणि मिनिटभरात बाहेर काढला. ते बाद. हौसाताई म्हणाल्या, “कृष्णामाईत सोडू या. तिचं ती बघंल.” पण ज्याला सरळ राहता येत नाही तो मासा नदीत सोडणं म्हणजे त्याला कावळ्यांच्या स्वाधीन करणं. तेही बाद. मग जनावरांचे डॉक्टर मुल्ला यांना फोन लावला.

“मॅडम, मी म्हशींचा डॉक्टर,” ते हसत म्हणाले. “पण तुम्ही सांगताय तो जलोदर. या अवस्थेतनं मासा माघारी येत नाही. एकच जोराचा घाव डोक्यात बसला तर क्षणात सुटतो. जमेल?”

मी आठवड्याला वीस दाढा उपटत होते. पण वरवंटा घेऊन रावसाहेबांच्या डोक्यात घालणं माझ्याच्याने होणार नव्हतं.

“दुसरं काही?”

“दुसरं तुमच्याच कपाटात आहे की! लवंगेचं तेल. मत्स्यशेतीवाले त्यानंच माशांना गुंगी आणतात. थोडं दिलं की गुंगी येते, आणखी दिलं की झोपेतच जातो. पण मॅडम, एक लक्षात घ्या, ते तेल...”

“डॉक्टर, लवंगेचं तेल मी दिवसातनं दहा वेळा हाताळते,” मी म्हणाले. “पुढचं मला कळतं.” आणि आभार मानून फोन ठेवला.

रविवारी दवाखाना बंद असायचा. त्यातून त्या रविवारी आई-बाबा इस्लामपूरला आईच्या भाच्याच्या मुलाच्या मुंजीला जाणार होते, ते संध्याकाळी परतायचे. याहून चांगला मुहूर्त कुठला? सोमवारी बाबांना सांगायचं, की रावसाहेब आपोआप गेले, शांतपणे गेले. बाबांना निर्णय घ्यायला नको, बघायला नको, त्रास नको. सुई दिसायलाच नको. मी स्वतःवर बेहद्द खूश होते. फक्त पेटीतून मासा काढायला आणखी दोन हात लागणार होते, म्हणून शनिवारी हौसाताईंना उद्या अकराला या म्हणून सांगितलं.

“मोठ्या डॉक्टरास्नी सांगितलंय न्हवं?” त्यांनी विचारलं.

“नंतर सांगेन.”

“पेशंटांचं बी नंतरच सांगणार हुता.”

“हौसाताई, तुम्ही फक्त या.”

त्या आल्या. ठरल्या वेळी आल्या आणि तोंड फिरवून पदर खोचला. मी बादलीत पेटीतलंच पाणी घेतलं. आम्ही दोघींनी ओल्या पंच्यात धरून रावसाहेबांना बादलीत सोडलं. ते कुशीवर पडले आणि एका डोळ्याने माझ्याकडे बघत राहिले. मी तेलाची बाटली उघडली. लवंगेचा तो वास सगळ्या खोलीत पसरला. माझ्या बालपणाचा वास. शाळेतून परस्पर दवाखान्यात यायचे तेव्हा बाबांच्या हातांना हाच वास असायचा.

मी थेंब मोजत तेल सोडलं. माझा हात अगदी स्थिर होता.

काहीच झालं नाही. म्हणजे, व्हायचं ते झालं नाही. तेल पाण्यात मिसळेचना. काही थेंब तवंगासारखे वर पसरले, काही मण्यांसारखे गोल होऊन तळाशी जाऊन बसले. सहा वर्षं मी ते तेल वापरत होते, पण कापसाच्या बोळ्यावर, नाहीतर पावडरीत घोटून दाढेत भरायला. पाण्यात ते घालायची वेळ माझ्यावर कधी आलीच नव्हती. पाण्यात त्याचं काय होतं हे मला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेही ठाऊक नव्हतं.

मला वाटलं, कमी पडलं. मी आणखी घातलं. एक मणी घरंगळत रावसाहेबांच्या कल्ल्याशी गेला आणि जो मासा चार दिवस धड सरळ होऊ शकत नव्हता, तो उसळला. त्याने बादलीच्या कडेवर थाडकन अंग आपटलं, पुन्हा आपटलं. पाणी माझ्या तोंडावर उडालं. मी दोन्ही हात घालून धरायला गेले, तर तो हातातून निसटून पुन्हा आपटला.

“ताई, काय केलंसा वो!” हौसाताई ओरडल्या.

चार दिवसांपूर्वी आर्याच्या आजीने हेच विचारलं होतं. तेव्हा मी काहीच केलं नव्हतं. आता केलं होतं. हात तेलकट, डोळ्यांत पाणी, आणि डोक्यात एकच विचार, की ज्याचा त्रास वाचवायला निघाले त्यालाच मी जाळतेय.

“बाजूला हो,” मागून आवाज आला.

बाबा दारात उभे होते. कपाळावर मुंजीचं गंध, केसांत अक्षता. त्यांनी सदऱ्याच्या बाह्यासुद्धा वर केल्या नाहीत. कोपरापर्यंत हात बादलीत घातले, रावसाहेबांना खालून ओंजळीत घेतलं आणि चार पावलांत पेटीच्या स्वच्छ पाण्यात सोडलं. हात काढून न घेता तसेच त्यांच्या पोटाखाली धरून ठेवले. उजवा हात थरथरत होता. पेटीतलं पाणी हलत होतं. रावसाहेब त्या हातावर हळूहळू शांत झाले.

“मी फोन केला,” हौसाताई माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “सकाळीच केला. काय बोलायचं ते मला बोला.”

मी तेलाची बाटली बंद केली.

“मिसळलं नाहीस,” बाबा म्हणाले.

“मिसळत नाहीये ते!”

“छोट्या बाटलीत कोमट पाणी घ्यायचं, त्यात थेंब सोडायचे आणि दुधासारखं पांढरं होईस्तोवर हलवायचं. मग ते पाण्यात उतरतं. मुल्लांनी नाही सांगितलं?”

“तुम्हाला काय माहीत मी मुल्लांना...”

“मी त्यांना पंधरा दिवसांपूर्वी विचारलं. माझ्या टेबलाचा खालचा खण उघड.”

खणात एक बुचाची बाटली होती, एक ड्रॉपर होता आणि एक कागद. त्यावर बाबांच्या अक्षरात सगळं लिहिलेलं होतं. आधी थोडं, मग थांबायचं. मग जास्त, मग पुन्हा थांबायचं. अक्षर इतकं वाकडंतिकडं झालं होतं की मला ते दोनदा वाचावं लागलं.

“सगळं तयार आहे तर मग केलं का नाही बाबा? एवढे दिवस त्याला...”

“थेंब मोजता येईनात,” ते म्हणाले. “रोज खोलीचं दार लावून साध्या पाण्याने करून बघतो. पाच म्हणावेत तर अकरा पडतात. कमी पडलं तर तो तडफडणार. आज तू बघितलंसच.”

“मला सांगायचंत ना!”

“सांगणार होतो. पण तू कामात होतीस. माझेही पेशंट तूच बघत होतीस.”

माझे कान गरम झाले. हौसाताईंनी पोछा उचलला आणि कोरडीच फरशी पुसायला घेतली.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पहिल्याच दिवशी. शेजारच्या खोलीत बसतो मी, केतकी, बहिरा नाही झालो. ‘मोठे डॉक्टर गावाला गेलेत’ हे मी माझ्या खुर्चीत बसून, माझ्या कानांनी ऐकलं.” ते किंचित हसले. “कुठल्या गावाला गेलो ते मात्र कुणी सांगेना.”

मला इतकी लाज वाटली की भिंतीवरच्या चित्रातल्या सशाबरोबर जागा बदलावीशी वाटली. तीन आठवडे हा माणूस माझं खोटं रोज ऐकत होता आणि मला अवघडायला नको म्हणून पेपर वाचत होता.

“बाबा, मी...”

“आधी रावसाहेब,” ते म्हणाले. “मग आपलं. पाणी कोमट कर.”

मी नवी बादली घेतली, नवं पाणी घेतलं. बाटलीत कोमट पाणी ओतून ड्रॉपर हातात धरला. बाबा शेजारी उभे राहून मोजत होते, एक, दोन, तीन. मी सोडत होते. बूच लावलं.

“आण इकडे,” बाबांनी उजवा हात पुढे केला. खिशातून काढून, उघडा, सगळ्यांसमोर. “थेंब तुझे. हलवायचं काम माझ्याकडे. तेवढं मला आता फार छान जमतं.”

हौसाताईंना आधी हसू आलं की रडू, ते मला आजही सांगता येणार नाही. त्यांनी तोंडाला पदर लावला. मी हसत होते आणि नाक ओढत होते. बाबांच्या हातातली बाटली बघता बघता दुधासारखी पांढरी झाली. मग जास्त थेंबांची दुसरी बाटलीही तशीच करून ठेवली.

मग त्यांनी स्वतःच रावसाहेबांना आणून नव्या बादलीत सोडलं आणि ते तिच्याशी खाली बसले.

“रावसाहेब,” ते म्हणाले. आवाज तोच, खुर्चीतल्या पेशंटशी बोलायचा. “ऐका. हे लवंगेचं पाणी आहे. आधी जरा चुरचुरेल. मग बधिर वाटेल, मग झोप येईल. त्यानंतर उठायचं नाहीये. तुमचं काही चुकलेलं नाही. अकरा वर्षं तुम्ही माणसांची भीती घालवलीत. आता मी इथेच आहे.”

माशाला काय कळतं? मला तेव्हा तसं वाटलंही नाही. बाबांनी मान हलवली आणि मी ते पांढरं पाणी थोडं थोडं करत ओतलं. धुरासारखं ते पसरत गेलं आणि बादलीतल्या पाण्यात मिळून गेलं. रावसाहेबांनी एकदा पर हलवले. धडपड नाही, आपटणं नाही. कल्ल्यांची घाई कमी झाली. मग आणखी कमी. बाबांनी बोटाने त्यांच्या पाठीला हलकेच स्पर्श केला, दात बधिर झाला की नाही हे बघायला करतात तसा. रावसाहेब हलले नाहीत.

“झोपले,” बाबा म्हणाले. “आता दुसरी बाटली. सगळी.”

ती ओतल्यावर थोड्या वेळाने कल्ले थांबले.

“लगेच काढायचं नाही. कागदावर लिहिलंय. दहा मिनिटं तसंच ठेवायचं. गेले असं वाटतं, आणि गेलेले नसतात.”

“मी खड्डा काढती,” हौसाताई डोळे पुसत म्हणाल्या. “मागं जास्वंदीखाली काढती. कढीपत्त्याखाली नगं, वैनीसाहेब आमटीत घालत्यात तो.” आणि त्या खुरपं शोधायला गेल्या.

आम्ही दोघेच उरलो. बाबा जमिनीवर, भिंतीला टेकून. मी त्यांच्यासमोर. मधे बादली. भिंतीवरचं घड्याळ बघून मी दहा मिनिटं मोजायला लागले. दोन मिनिटं गेली, तीन गेली.

“आता आपलं,” बाबा म्हणाले. “बोल.”

मी तोंड उघडलं आणि सवयीने वळसा घ्यायला गेले. “बाबा, तुम्ही थोडे दिवस विश्रांती...”

त्यांनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. आर्याने ‘मुंगी ना?’ विचारल्यावर तिच्याकडे पाहिलं होतं, तसंच.

मी थांबले. लपवलेले दोन्ही हात समोर आणावेत तसे मांडीवर ठेवले.

“बाबा, सांगते. मुंगळा चावेल.”

“हं.”

“उद्यापासून तुम्ही पेशंटच्या तोंडात हात घालायचा नाही. ड्रिल नाही, सुई नाही, साधा चिमटासुद्धा नाही. गुरुजींचा ओठ होता म्हणून तीन टाक्यांवर भागलं. पुढच्या वेळी जीभ असेल, आणि ती एखाद्या आर्याची असेल. हा थकवा नाही, हे तुम्हालाही माहीत आहे आणि मलाही. या आठवड्यात आपण पुण्याला जाऊन डॉक्टरांना दाखवू. दवाखाना तुमचाच राहील, खोली तुमचीच राहील. हाताचं काम मात्र संपलं.”

सगळं एका दमात बोलून टाकलं. बाबांनी डोळे मिटले. उजवा हात गुडघ्यावर होता, थरथरत होता, आणि आज त्यांनी तो खिशात घातला नाही. मागच्या अंगणात खुरप्याचा आवाज येत होता. बाबांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी आलं, ते गालावरून उतरून गेलं आणि त्यांनी ते पुसलं नाही.

मी बादलीच्या कडेने त्यांच्याजवळ सरकले आणि तो हात माझ्या दोन्ही हातांत घेतला. त्याला लवंगेचा वास होता.

“दुखलं का?” मी विचारलं.

“हो,” बाबा म्हणाले. मग डोळे उघडून माझ्याकडे बघत म्हणाले, “पण एकदाच.”